हनुवटीवरचे ठिपके

आई, तुझ्या हनुवटीवर गोंदणाचे ठिपके तीन होते की पाच, एवढे एकच मला हवे आहे, आणि ते सांगायला या घरातले एकही यंत्र तयार नाही. तुझे चित्र काढायला दिले आहे. चित्रकाराने बाकी सारे रंगवून हनुवटी तेवढी कोरी ठेवली आहे. "गुरुजी, ठिपके किती ते नक्की सांगा, मगच हात लावतो," असे तो म्हणतो. तुझे छायाचित्र एकच, तेर गावच्या एका लग्नात साऱ्या वऱ्हाडासह काढलेले. मूळ प्रत गहाळ झाली. या नातेवाइकाच्या फोनवरून त्याच्या फोनवर फिरत आलेली प्रतिमा तेवढी उरली आहे.

म्हणून उमरग्याहून भिंतभर पडद्याचा टीव्ही आणला. दुकानदार म्हणाला, "काका, फोर-के हाय. मुंगीचे पाय मोजा." घरी तुझा चेहरा मोठा करून पाहिला, तर हनुवटीच्या जागी एक हिरवट चौकोन! मी दुकानदाराचा उद्धार करू लागलो, तेव्हा सूनबाई म्हणाली, "मामा, टीव्हीत चित्राचे ठिपके लई हायेत, पण फोटोत आजींच्या वाट्याला मूठभरच आलेत. तेच ताणलं की एकेक फरशीएवढा दिसतोय."

"मग फोनवर आई इतकी रेखीव कशी दिसते?"

"तिथं तेवढेच ठिपके बोटभर जागेत दाटीनं बसलेत. रेखीव दिसतंय, पण त्यात जास्तीचं काय न्हाय."

जन्मभर फळ्यापुढे उभे राहून इतरांना समजावणाऱ्या मला तिने हे पुन्हापुन्हा समजावले. तिचा तर्क बिनचूक आहे, आणि म्हणूनच अधिक चीड येते. एवढे ठिपके विकत आणले, त्यांत तुझा एकही नाही.

शेवटी भूमला दिलेल्या धाकट्या बहिणीला फोन केला. तीन, असे मी ठामपणे सांगितले. "दादा, तू लोकांच्या वेलांट्या मोज," ती कडाडली. "आजारपणात आईचं तोंड रोज म्या धुतलंय. पाच होते!" "'म्या' नव्हे, 'मी'," असे माझ्या तोंडून गेले, आणि तिने फोन आपटला.

मी लहान आहे, तू चुलीपुढे भाकरी थापते आहेस. मी तुझ्या हनुवटीवरून बोट फिरवतो. गोंदण हाताला लागेल असे मला वाटते, पण लागते ते नुसते पीठ. "आरं, बघायचं तर डोळ्यानं बघ, भाकर करपली," म्हणून तू मला कोपराने ढकलतेस. मी बघितले असेलच. आठवते ते पीठ.

काल टीव्ही तसाच सोडून मी उंबऱ्यापर्यंत गेलो आणि वळून पाहिले. एवढ्या लांबून ते चौकोन एकमेकांत मिसळले होते, आणि तू, अगदी तू, माझ्याकडे पाहत होतीस. ठिपके मात्र तेथून मोजता येत नव्हते.

आज चित्रकाराला पाच सांगितले. धाकटीला कळवायचे आहे, धीर होत नाही. तुला कळवायची तर सोयच नाही. सूनबाईने टीव्ही परत देण्यासाठी खोके काढले होते, ते मी पुन्हा माळ्यावर ठेवायला लावले आणि माझी खुर्ची दाराजवळ नेली. येथे वारा येतो, असे घरात सांगितले आहे. वारा येत नाही.