आदामाच्या कृपेवर मतदान

प्रिय शांतवन,

प्रभूमध्ये सलाम. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू फोन कुसुमताईंच्या हातात देतोस आणि त्या बिचाऱ्या ‘आंघोळीला गेलेत’ म्हणतात. पाच शुक्रवार झाले. एवढं पाणी नोहाच्या काळानंतर कुणी पाहिलं नसेल. म्हणून ही चिठ्ठी.

तू माझ्या घरची प्रार्थनासभा सोडलीस ती आदामापायी. त्यानं पाप करण्याआधी एदेन बागेत देवाची कृपा होती की नव्हती, हा प्रश्न तूच काढलास. होतीच, असं तुझं म्हणणं. श्वास दिला, बाग दिली, बायको दिली, यातलं आदामानं काय कमावलं होतं? मी म्हणालो, तो देवाचा चांगुलपणा. कृपा म्हणजे चुकलेल्याला जवळ घेणं. बिघाडच नाही तर मेकॅनिक कशाला? तर तू सगळ्यांदेखत म्हणालास, “मन्या, भोसरीत वर्कशॉप टाकून तीस वर्षं झाली तुला. नव्या मशीनला तेल कधी घालतोस रे, जाम झाल्यावर?” हॉल हसला. पाळकसाहेबसुद्धा हसले, तोंडापुढे पवित्र शास्त्र धरून.

मला लागलं. माझ्याच धंद्यातला दाखला, आणि तो माझ्यावर! मग मी कंपनीच्या युनियनमध्ये शिकलो तेच केलं, हात वर करून मतदान घेतलं. पवित्र शास्त्रातला प्रश्न मतदानाला टाकणारा चिखलीतला मी पहिलाच असेन. वर लबाडीही केली. आत विजयश्रीचे वडे तळून होत आले होते, वास दारापर्यंत गेला होता. मी म्हणालो, “कृपा पतनानंतरच आली असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा, की लगेच वडे बाहेर आणायला सांगतो.” चौदा हात वर झाले. आबाजींनी तर दोन्ही केले. त्यांना ऐकू येत नाही, पण नाक शाबूत आहे. कुसुमताई म्हणतात, त्या फक्त पदर सावरत होत्या. मी तोही हात मोजला. तू उठलास, “आदामाला फळानं पाडलं, तुम्हाला वड्यानं!” म्हणालास आणि निघालास. खरं सांगू? पाच आठवडे मला राग आहे तो या वाक्याचा. ते मला का सुचलं नाही?

त्यानंतरचं ऐक. सभेचं ते लोखंडी टेबल गॅलरीतून आत आणायला दर शुक्रवारी तू दुसरं टोक धरायचास. वजन कुणाचं होतं ते आता कळलं. तू नाहीस म्हणून मी ताठ्यात एकट्यानं उचललं, आणि पोटात खालच्या बाजूला काहीतरी सटकलं. हर्निया. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, असं काय जड उचललंत? विजयश्री म्हणाली, “अहंकार.” बाईंनी तसं लिहून घेतलं की काय, देव जाणे.

सोनोग्राफीच्या खाटेवर पोटाला तो गार चिकचिकीत पदार्थ लावून पडलो होतो, तेव्हा भोसरीतली तुझी खोली आठवली. नेवाशाहून पत्र्याची पेटी घेऊन मी आलो, ज्यानं पत्ता दिला होता तो खोली सोडून गेलेला. भरदुपारी तू दार उघडलंस आणि विचारलंस, “जेवलास का?” मग म्हणालास, “माझी दिवसपाळी लागते उद्यापासून, तू रातपाळी बघ, खाट एकच आहे.” माझं नाव तू दुसऱ्या दिवशी विचारलंस. तोवर मी तुझं भलं केलं नव्हतं, वाईटही नव्हतं. वाईट पुढे सवडीनं केलं. तुझा साबण संपवला, तुझ्या सायकलची चेन तोडली, आणि कंपनीत चार्जहँडची बढतीची जागा निघाली तेव्हा तुला न सांगता अर्ज टाकला. ते सगळं तू सोडून दिलंस, आणि मी त्यालाच तुझी कृपा समजत आलो. खाट मी हिशेबात धरलीच नव्हती रे. ती तर आधीची.

तेव्हा मतदान रद्द. येत्या शुक्रवारी पाळकसाहेब तसं सभेत सांगतील. वडे मात्र खाल्ले गेलेत, ते परत घेता येत नाहीत.

पण चिठ्ठी त्यासाठी नाही. ऑपरेशन सोमवारी सकाळी आहे. बायको म्हणून नाव विजयश्रीचंच लागायचं, पण तिला रक्त दिसलं की भोवळ येते, तेव्हा फॉर्मवर जबाबदार नातेवाईक कोण, असं सिस्टरनं विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. नातं? मी म्हणालो, लिहा भाऊ. तिनं विचारलं, त्यांना कळवलंय ना? म्हटलं, नाही, सध्या ते माझ्याशी बोलत नाहीत. पोरगी पेन उचलून म्हणाली, “मग काका, आधी त्यांच्याशी मिटवा, नाव नंतर टाकू.” मी म्हणालो, नाही बाई, नाव आधी टाका. टाकलंय. सात वाजता आलास तर सही कर. नाही आलास तरी मी ते खोडायला लावणार नाही. माफी कुणी कुणाची मागायची, ते भूल उतरल्यावर बघू.

तुझाच,
मन्या