बाबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो

प्रिय ताई,

फोन लावला आणि तू उचलायच्या आत ठेवून दिला. तू रागावलीस की माझी बोबडी वळते, म्हणून हा मेल.

गेल्या महिन्यात तू बाबांचा फोटो मागितला होतास. त्यांचा आवाज थकलेला वाटतो, रजा टाकून येऊ का, असं विचारत होतीस. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. कधी नव्हे ते निमूट बसले. एरवी हनुवटी वर करा म्हटलं की मुद्दाम खाली करणारा माणूस! फोटो कॉम्प्युटरवर उघडला तर डोळे पिवळट. खोलीतल्या दिव्याचा पिवळा उजेड पडला असेल म्हटलं, आणि रंग सुधारत बसण्यापेक्षा रंगच काढून टाकला. काळा-पांढरा केला, जुन्या फिल्मसारखे बारीक दाणे घातले, सावल्या गडद केल्या. तरी डोळे मळकटच दिसत होते! काळ्या-पांढऱ्यातही मूळचा एकेक रंग वेगळा उजळता येतो. मी पिवळा पार टोकापर्यंत नेला. डोळे पांढरेस्वच्छ झाले. तुला पाठवला. तू कळवलंस, फोटो सुरेख आलाय, बाबा तर ठणठणीत दिसतात, आणि रजा रद्द केलीस. मी मात्र तुझ्या कौतुकानं हवेत होतो.

ताई, त्यांचा शर्ट पांढराशुभ्र होता. दिव्याचा दोष असता तर शर्टही पिवळा नसता का दिसला? लोकांच्या लग्नाच्या फोटोंचे रंग सुधारून मी पोट भरतो, आणि घरच्या माणसाच्या डोळ्यांतलं पिवळेपण मला दिसलं नाही. खरं सांगू? क्षणभर दिसलं होतं. फोटो झकास जमत होता, म्हणून काणाडोळा केला. स्वतःची लाज वाटते.

काल बाबांना दवाखान्यात दाखल केलं. कावीळ झालीय, पित्ताच्या नळीत अडथळा आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि उशीर झालाय. डॉक्टरांनी विचारलं, डोळे कधीपासून पिवळे? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "परवापासून. पोरानं लगेच आणलं." रोज आरशात बघत होते ते. माझ्यावर बोल येऊ नये म्हणून डॉक्टरांशीही खोटं बोलले. मी मागाहून डॉक्टरांना गाठून मूळ फोटो दाखवला. आता तुलाही सांगितलं. वाचलंस की लगेच नीघ. मला काय बोलायचं ते बोल, पण त्यांच्यासमोर नको. ते मलाच पाठीशी घालतील, आणि बोलताना त्यांना फार धाप लागते.

तुझाच,
धाकटा