आईचं लग्नाआधीचं नाव

५ मार्च
पुन्हा बँक! फोनवर अर्धा तास तीच ती धून. मग एक बाई, मग परत धून. शेवटी ओळख पटवायचा प्रश्न – खात्यावर नोंदवलेलं तुमच्या आईचं लग्नाआधीचं नाव? मामाचं आडनाव सांगितलं. चूक म्हणे. पुन्हा तेच सांगितलं. पुन्हा चूक! खातं गोठवलं. या देशातला माझा पहिला पगार आत, मी बाहेर.

६ मार्च
नवऱ्याला विचारलं. खात्याचा फॉर्म त्यानेच भरला होता, मी तेव्हा खोकी सोडत होते. डोकं खाजवत म्हणाला, सवयीने माझ्याच आईचं टाकलं असेल. असेल! भांडायचंही त्राण नव्हतं. वर बसच्या पाससाठी त्याच्यापुढेच हात पसरायचा.

९ मार्च
अर्धी रजा टाकून बँकेत. काचेमागची बाई गोड हसली आणि तिने पत्त्याचा पुरावा मागितला. लाइट बिल नवऱ्याच्या नावावर. घराचा करार नवऱ्याच्या नावावर. मग तुमच्या नावावर काय आहे, म्हणते. काय सांगू, गुडघेदुखी?
तिकडे इतकी वर्षं अख्ख्या शाळेचे हिशेब मी सांभाळले. इथे मी राहते कुठे, हेही नवऱ्याच्या कागदावरून ठरणार. लाज वाटली, आणि चीडही आली. येताना चालत आले.

१० मार्च
काही नाही. थकले.

१३ मार्च
ऑफिसने पत्त्याचं पत्र दिलं एकदाचं. बाईने ते ठेवून घेतलं आणि एक कागद पुढे सरकवला – नवीन उत्तर लिहा, या वेळी नाव-आडनाव दोन्ही.
पेन हातात धरून तशीच उभी. आडनाव मामाचं. पण नाव? लग्नात आईचं नाव बदललं, एवढं ठाऊक होतं. आधीचं काय होतं, ते मी कधी विचारलंच नाही. आठवडाभर नवऱ्याला मनात शिव्या घालत होते, आणि मला तरी कुठे माहीत होतं! मागे रांग खोळंबलेली. उद्या येते म्हणून निघाले.
घरी येऊन आईला फोन केला. कशाला हवंय, म्हणाली. बँकेला, म्हटलं. मग हळूच म्हणाली, "बाबा इथेच बसलेत. उद्या सांगते."

१४ मार्च
आईचा फोन. बाबा फिरायला गेले होते. नाव सांगितलं तिने. लिहून घेतलं. मी फोन ठेवणार, तर म्हणाली, "एकदा त्या नावाने हाक मार ना."
मारली. लगेच ओ दिली तिने.