दादाच्या छातीतली जळजळ

बडोदा, ९ जानेवारी १९९९

ती. आईच्या पायांवर भरतचं डोकं.

मी बरा आहे, जेवण वेळेवर असतं. कंपनीनं सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्यात चांगली चरबी कमी आणि वाईट लई निघाली. चारच्या आत पाहिजे ते प्रमाण सातावर गेलंय. त्यानं काळजाच्या नळ्यांत थर बसतो म्हणे. गोळ्या चालू केल्यात, काळजी करू नको.

डॉक्टरांनी विचारलं, वडील कशानं गेले? मी म्हणालो, आबा गॅसनं गेले. छातीत जळजळलं, ओवा खाऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत. वय सेहेचाळीस. डॉक्टर म्हणाले, तो गॅस नसावा, काळजाचा झटका असावा, आणि हे घराण्यात उतरतं.

आई, दादाला पाणी भरताना छातीत जळजळतं, ओवा खाऊन बसला की थांबतं, असं तू लिहिलंस. दादा आता पंचेचाळीसचा. काल डेअरीत फोन लावला तर हसला. "मी काटक गडी, मला कसली चरबी?" मी तरी कुठं जाडा आहे?

माझं तो ऐकत नाय, तुझं ऐकेल. ओव्यावर भागवू नको. पत्र वाचशील त्याच दिवशी त्याला जुन्नरला दवाखान्यात ने आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढून घे. दादाच्या पोरीला, अक्षदाला घरी ठेव, वहिनीला सोबत घे.

आणि आबांना ओवा तू दिलास, हे मनाला लावून घेऊ नको. ओव्याचा डबा मीच आणून दिला होता.

तुझा,
भरत