तुझ्यासाठी सोडलं

मंगळ. ४ फेब्रु.
विनयचे दिवस कालच झाले. आज त्याच्या क्लबचे सेक्रेटरी आले. दोन नंबरच्या कोर्टला त्याचं नाव देणार. दगडावर कोरायला घरच्यांकडून एक ओळ हवी. मी लगेच सांगितली: 'संसारासाठी व्यावसायिक टेनिस सोडलं.' त्यांनी हिंदीत लिहून घेतली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

शुक्र. ७
रिझवीसाहेब आले, वि.चे डबल्सचे जुने जोडीदार. ओळ सांगितली तर हसलेच.
"संसार? अरे भाभी, वो तो आपसे मिलने के पहले छोड़ चुका था. क्वालिफाइंग में ही हार जाता था, रैंकिंग बची ही नहीं थी."
मग माझ्याकडे बघितलं. "बूढ़ा हो गया हूँ, कुछ भी बक देता हूँ." चहा अर्धा ठेवून गेले.
पण कुठल्या गावी, कोणाशी हरला, सगळं सांगितलं होतं त्यांनी.

शनि. ८
तेव्हा माझ्या पुण्याच्या लॅबमधल्या बदलीची ऑर्डर हातात आली होती. आई साताऱ्याला, अंथरुणावर. वि. म्हणाला, "मी तुझ्यासाठी टेनिस सोडलं, आणि तुला माझ्यासाठी एक बदली सोडवत नाही? तू गेलीस तर माझं काय?" नाही गेले.
आई गेली तेव्हा मी गाडीत होते. झाशीसुद्धा आली नव्हती.

रवि. ९
मुलाला, अमेयला, रिझवींच्या बोलण्याबद्दल विचारलं. मोबाइलमधून डोकं वर न काढता, "पता था, मम्मी."
"कधीपासून?"
"कॉलेज में था. पापा ने ही बताया. बोले, मम्मी को अच्छा लगता है, रहने दो."
मला अच्छा लगता है!
प्रत्येक भांडणात मीच माघार घेतली, ती 'तुझ्यासाठी सोडलं' या एका वाक्यापायी. आणि घरात मी सोडून सगळ्यांना...
भाजी करपली. अमेय निमूट जेवला.

मंगळ. ११
दुपारी सेक्रेटरींचा फोन. "मैडम, पत्थर वाला पूछ रहा है. वही लाइन फ़ाइनल?"
नुसतं नाव ठेवा, असं मी म्हणणार होते. तर तेच म्हणाले, "बड़ी प्यारी लाइन है. मेरी मिसेज़ रोज़ सुना रही हैं, कुछ सीखो!"
ओळ काढली तर का काढली ते सांगावं लागेल. तो हरायचा, हे मीच सांगायचं? ठेवली तर समारंभाला पहिल्या रांगेत रिझवी, अमेय आणि मध्ये मी.
"शाम तक बताती हूँ," म्हटलं.
संध्याकाळ झाली. फोन वाजतोय. त्यांचाच आहे.