कानातल्या बाईंविषयी

प्रिय मेहुणेबुवा,

नमस्कार लिहावा की नाही यात दोन दिवस गेले, शेवटी लिहितोच: नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खांदा? मुलं अभ्यासाला लागली, की अजून तुमच्यावरच गेलेली आहेत? इकडे माझं उत्तम चाललंय. म्हणजे भूक लागत नाही, झोप येत नाही, आणि काल दुकानात पोचल्यावर कळलं की दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत (दोन्ही डाव्या). बाकी तक्रार नाही. पत्र आज रात्रीच्या बसच्या कंडक्टरच्या हाती, मुद्दाम तुमच्या औषधांच्या दुकानाच्या पत्त्यावर धाडतोय. घरचा फोन सध्या तुमची ताई उचलते, आणि तुमचा चष्मा सापडेपर्यंत मोबाइलवरचे निरोपही तीच तुम्हाला वाचून दाखवते, हे मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा हे काउंटरच्या आड धरून वाचा आणि गिऱ्हाईक आलं तर त्याला थांबायला सांगा.

ताई तुमच्याकडे येऊन आज अकरा दिवस झाले. हवापालटासाठी आले असं तिने सांगितलं असणार आणि तुम्ही ‘हो का, बरं झालं’ म्हणाला असणार. अहो, हवापालट कसला. ती मला सोडून आली आहे. कायमची की चार दिवसांची ते मला माहीत नाही, आणि तेच जाणून घ्यायला मी तडफडतोय. जाताना काहीतरी बोलली, पण ते मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही तेच सांगायला हे पत्र, आणि सांगताना तुमचं नाव वारंवार निघेल, तयारी ठेवा.

कारण सुरुवात तुम्ही केलीत. गेल्या खेपेला आलात ते कानात खोचायचे दोन पांढरे दाणे घेऊन. भाऊजी, दिवसभर एकटेच फ्रेमा करत बसता, काहीतरी ऐकत जा, असं म्हणून माझ्या मोबाइलमध्ये पॉडकास्टचं ते ॲप घातलंत आणि निघून गेलात. मी एकोणतीस वर्षं फोटो आणि सर्टिफिकिटं फ्रेम करतोय. त्यात हात गुंततात, डोळे गुंततात, कान मात्र मोकळे. ते मोकळेच होते ते बरं होतं, हे आता कळतंय.

पहिल्या आठवड्यात मी मिठाचा इतिहास ऐकला. दुसऱ्या आठवड्यात पूल कसे बांधतात, मुंग्या कशा भांडतात आणि ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, एवढं झालं. (माणसाला एकच, आणि तेही मी कुठे वापरतो, असं तुमच्या ताईचं मत.) एका कार्यक्रमात दोन मित्र पाऊण तास एकमेकांच्या बोलण्यावर हसतात आणि विषय काढायचा राहूनच जातो, तोही मी शेवटपर्यंत ऐकला. जगात काय काय चाललंय आणि आपण कोपरे चिकटवत बसलोय, असं वाटायला लागलं. सगळंच ऐकायचं आणि दिवस तेवढाच, म्हणून मी दीडपट वेगाने ऐकू लागलो. त्यामुळे सगळी विद्वान माणसं बस सुटत असल्यासारखी बोलायची. मीही तसाच बोलायला लागलो, असं गिऱ्हाइकं सांगतात.

नुसतं ऐकून थांबलो असतो तर गोष्ट वेगळी. पण देहबोलीवरचे सहा भाग ऐकल्यावर आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर लग्नाचा फोटो फ्रेम करायला घेऊन आले, तेव्हा फोटोत त्यांच्या सासूबाई खांदा कसा वळवून उभ्या आहेत आणि त्याचा अर्थ काय, हे मी त्यांना समजावून सांगितलं. सासूबाई बाहेर गाडीतच होत्या, आणि काच खाली होती. तेव्हापासून माझी दाढ दुखतेय आणि मला डॉक्टर शोधायला तीन चौक पलीकडे जावं लागतंय. मग ‘नाही म्हणायला शिका’ नावाची एक मालिका लागली. चौथा भाग ऐकत असतानाच शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या, निरोपसमारंभाची बावीस सर्टिफिकिटं घेऊन, आणि मी त्यांच्या डोळ्यांत बघून, आवाज न चढवता, कारण न देता नाही म्हणालो. त्या इतक्या चकित झाल्या की मला उगीच आनंद झाला. पाचव्या भागात नाही कुणाला म्हणायचं ते होतं. तोवर त्या सर्टिफिकिटं दुसरीकडे देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

आता घरचं सांगतो, आणि इथे मी स्वतःची बाजू सावरणार नाही. जेवायला बसलो की दिवसभर ऐकलेलं सगळं मी तुमच्या ताईला ऐकवायचो. ती ‘हं’ म्हणायची. मला वाटायचं तिला गोडी लागली आहे. आणि ती कधी काही सांगायला आली की माझ्या कानात हमखास काहीतरी महत्त्वाचं चाललेलं असायचं, म्हणून मी बोट वर करायचो. तर्जनी, सरळ. म्हणजे थांब, सात मिनिटं राहिलीत. सात मिनिटांनी मी दाणे काढायचो तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेलेली असायची. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. तिने मोजलंय, हे पुढे कळलं.

अशात तुमचा फोन आला. भाऊजी, एक बाई आहेत, ऐकाच, आम्ही दुकानात सगळे मिळून ऐकतो. आठवतंय का? त्या कार्यक्रमाचं नाव ‘थांबा, जोडून देते’. बाई नाव सांगत नाहीत. दर गुरुवारी पंधरा मिनिटं आपल्या घरच्या गृहस्थांविषयी बोलतात, आणि श्रोत्यांना आपल्या आवाजात निरोप ठेवता येतो, तो बाकीच्यांनाही ऐकता येतो. गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. जगातल्या सगळ्यांचं ऐकतात, घरातलं सोडून. बायको बोलायला लागली की बोट वर करतात. मेहुणेबुवा, शपथेवर सांगतो, ते बोट ऐकूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मला त्या माणसाचा संताप आला. काय शांत, मऊ, नीटस आवाज बाईंचा, आणि अशा बाईला बोट दाखवतो मेला.

घड्याळं दुरुस्त करणारा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर एकच माणूस आला, आमच्या दुकानाच्या समोरचा घड्याळवाला. अठरा वर्षांची ओळख, पण मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो चहा घेऊन आला तर मी फ्रेम पुसत राहायचो. दोन आठवडे हे चाललं, आणि एके दिवशी राहवेना म्हणून मी त्याच्या दुकानात शिरलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याची खरडपट्टी काढली. बायको म्हणजे काय भिंतीवरचं घड्याळ आहे का, कधीतरी मान वर करून तिचं ऐक, वगैरे. त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, पुसलं आणि परत लावून मला नीट बघितलं. मेहुणेबुवा, तो अविवाहित आहे. अठरा वर्षांत त्याने मला हे निदान दहादा सांगितलं असणार. मी माफी मागितली, पण गिऱ्हाइकं तोवर निघून गेली होती, आणि आता सगळ्या गल्लीला वाटतंय की त्याची कुठेतरी लपवलेली बायको आहे.

तरी मी थांबलो नाही. (थांबायचं कसं यावर अजून कुणी कार्यक्रम काढलेला दिसत नाही.) मी बाईंना माझ्या आवाजात चार मिनिटांचा निरोप पाठवला, ‘एक सुज्ञ श्रोता’ या नावाने. म्हटलं, बाई, तुम्ही फार सोसलंत. असल्या माणसाला समजावून उपयोग नाही, सरळ बॅग भरा आणि भावाकडे जा. राहू दे त्याला एकट्याला, म्हणजे येईल ताळ्यावर. निरोप पाठवून मला इतकं समाधान वाटलं की त्या दिवशी मी दोन फ्रेमा काच न घालताच दिल्या.

पुढचा गुरुवार उजाडला. मी सकाळी चहा घेत बसलो होतो, कानात बाई. आणि बाई म्हणाल्या, एका सुज्ञ श्रोत्यांचा निरोप आलाय, तो मी ऐकवते. माझा आवाज, माझ्या कानात, सगळ्या जगासमोर. तेवढ्यात तुमची ताई दारात येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलू लागली. मी बोट वर केलं. ती बोलायची थांबली, माझ्या बोटाकडे बघत राहिली, आणि मग तिने खाली ठेवलेलं काहीतरी उचललं. बाई म्हणत होत्या, सल्ला मला पटला, आजच निघते. मी स्वतःशी म्हटलं, शाब्बास. तेव्हा दार लागल्याचा आवाज आला.

तीन दिवस मी समजत होतो की ती बाजारहाट करून तुमच्याकडे परस्पर गेली असेल, कुणाला बरं नसेल, मला सांगितलं असेल, माझं लक्ष नसेल. चौथ्या दिवशी धुतलेला सदरा मिळेना म्हणून तिचं कपाट उघडलं. आत सगळीकडून रजया लावलेल्या, माझ्या जुन्या स्वेटरच्या मधोमध एक छोटा माइक टांगलेला, खाली एक पाट, आणि पाटावर वही. पहिल्या पानावर ‘थांबा, जोडून देते’. दर बुधवारी दुपारी ही तासभर कपाट आवरत असते एवढं मला माहीत होतं. एवढे कपडे आमच्याकडे नाहीत, हे लक्षात यायला हवं होतं. मी तिथेच पाटावर बसलो. वहीत माझी बोटं तारीखवार मोजलेली होती, आणि फ्रेमवाला खोडून घड्याळवाला केलेलं होतं, मला कुणी ओळखू नये म्हणून.

तुम्ही म्हणाल, पस्तीस वर्षांचा संसार, बायकोचा आवाज ओळखता आला नाही? नाही आला. दीडपट वेगाचं निमित्त सांगता येईल, पण ते खरं नाही. ती एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या फोनच्या बोर्डावर बसली. घाबरलेल्या माणसांना रोज शेकडो वेळा तेच वाक्य म्हणायची, त्या मऊ, नीटस आवाजात. मी एकतीस वर्षांत तिला कामावर एकदाही फोन केला नाही. तो आवाज सगळ्या गावाने ऐकला होता, मी सोडून. त्या संध्याकाळी मी पहिल्यापासूनचे बावीस भाग साध्या वेगाने ऐकले. ती किती गमतीदार बोलते, मेहुणेबुवा. मी तीन ठिकाणी मोठ्याने हसलो आणि एका ठिकाणी उठून तोंड धुऊन आलो.

एवढंच सांगायचं होतं. राग तुमच्यावर अजून आहे, पण आता थोडा. हे पत्र तिला दाखवू नका. वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद किंवा नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते.

तुमचा,
सध्या कानात काहीही न घालणारा
भाऊजी

ता. क. तिच्या निळ्या चष्म्याची डबी इथेच राहिली आहे, सोबत पाठवतोय. चष्मा डबीत नाही, तो कुठे असतो हे मला कधीच माहीत नव्हतं.

दुसरा ता. क. पत्राचं खरं कारण हे. काल, गुरुवार नसतानाही, नवा भाग आला, तुमच्याच घरी कुठेतरी बसून केलेला, मागे तुमचा पाण्याचा पंप ऐकू येतो. तिने श्रोत्यांना विचारलंय, परत जाऊ की नको? शनिवारपर्यंत उत्तरं मागवली आहेत, आणि जास्त लोक म्हणतील तसं करणार म्हणाली आहे. आज दुपारपर्यंत एक्केचाळीस उत्तरं आलीत. अडतीस जण नको म्हणतात. (जा म्हणणाऱ्या तिघांत एक आमचा घड्याळवाला आहे. त्याचा भला स्वभाव मला आता दिसतोय.) तर कृपा करून तुम्ही, वहिनी आणि दुकानातली सगळी मंडळी, शक्य तर औषधं न्यायला येणारे सज्जन लोकसुद्धा, ‘जा’ म्हणून निरोप ठेवा. मी स्वतः ठेवलेला नाही. माझ्या सल्ल्याचं काय होतं ते आपण पाहिलंच.

तिसरा ता. क. पाकीट बंद करता करता, कोण इतकं माझ्या वाइटावर आहे ते बघावं म्हणून मी ते अडतीस आवाज एकेक करून ऐकले. एकोणिसावा तुमचा आहे. ‘बाई, त्या माणसाकडे मुळीच परत जाऊ नका, तुमच्या भावाला तुम्ही जड झालेल्या नाही.’ शेवटी तुम्ही खाकरलात, शंकाच नको. म्हणजे सख्ख्या भावालाही ओळखता आलं नाही, आणि ती पलीकडच्या खोलीत बसून ते ऐकतेय. ठेवलेला निरोप मागे घेता येत नाही, मी विचारून पाहिलं. तेव्हा आता मोबाइल खाली ठेवा, घरी जा आणि तिच्या समोर बसून जे काय म्हणायचं ते तोंडाने म्हणा. माझ्यासाठी काही सांगू नका. मी उद्या सकाळच्या बसने येतोय. दारात उभी राहून ती जे बोलली ते मला एकदा तिच्याकडून ऐकायचं आहे, मग ती येवो की न येवो.