लाल वळण

गुरु. ७ नोव्हेंबर

दगड हलला नाही. बंडू पहारेवर लटकला, मी खालून रेटलं, शेवटी दोघंही तिथेच फतकल मारून बसलो. बाकीची सगळी वळणं एका मापाची झाली आहेत. दोरी लावून, लेव्हल ठेवून केली, बाहेरच्या बाजूचा मातीचा बांध सगळीकडे सारखा. हे एकच, बाभळीखालचं, दगडामुळे आत चेपलं. सायकल वेगात येणार आणि इथे वाट एकदम अरुंद, शिवाय जमीन उजवीकडे कललेली. कंपनीत तपासणीला असला पीस समोर आला असता तर... रंगाचा डबा पिशवीत होताच. दगडावर लाल गोल काढला. रिजेक्ट. छिन्नी आणून फोडायचा.

बंडू म्हणाला, "साहेब, डोंगराला बी लाल बिनमधी टाकायलात का?" पूर्वी माझ्याच कंपनीत टूलरूमला होता. त्याचे कितीतरी पीस मी परत पाठवले आहेत. आता दुसरीकडे लागलाय, त्याला रविवारची सुट्टी, मला गुरुवारची. सेकंड शिफ्ट असली की गुरुवारी सकाळी माझ्यासोबत खणायला येतो. का येतो देव जाणे, बहुतेक सूड उगवायला.

उकरलेली माती वळणाच्या खालच्या अंगाला ढीग होऊन पडलीये. भुसभुशीत, गबाळी. उचलायची आहे. असला पसारा बघितला की मला सुचत नाही काही.

उतरताना आबा भेटले. डोंगर त्यांचा. आजूबाजूला सगळं विकलं गेलं, खाली शेडच शेड, यांनी मात्र डोंगर राखला आणि सायकलच्या वाटेला हो म्हणाले. अट एकच, आज पुन्हा ऐकवली. "माज्या डोंगरावर कुनाचं हाड मोडलं, त्या दिवशी वाट बंद. मग माज्याकडं यायचं न्हाई."

वर्षभराचे गुरुवार गेलेत या वाटेत.

रवि. १० नोव्हेंबर

आज रायडर पहिल्यांदा वाटेवर. आणि मी फर्स्ट शिफ्टला! वाट केली गुरुवारवाल्यांनी, चालवणार रविवारवाले. दर तासाला फोन बघत होतो. चुकून एक बरा पीस रिजेक्टच्या ट्रेमध्ये ठेवला, ऑपरेटरने उचलून परत दिला.

दुपारी बंडूचा फोन. "चांगली हाय म्हनले सगळे." कसं म्हणाले? "चांगली हाय, असं." मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे खाऊन म्हणतात ना, चांगली आहे हो, कळवतो. तसं. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एकाने लिहिलंय, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प वाटतो.

रॅम्प!

जेवलो नाही नीट. सुनीता ताट उचलता उचलता म्हणाली, "बावीस वर्षं दुसऱ्यांना रिजेक्ट म्हणताय. आज एकदा स्वतः ऐकून घ्या." बायको आहे की इन्स्पेक्टर.

गुरु. १४ नोव्हेंबर

एकटाच गेलो. छिन्नी, मोठा हातोडा घेऊन.

ओरखडे बघण्यात आयुष्य गेलंय, त्यामुळे चाकांचे ठसे वाचत वाचत खाली उतरलो. माझ्या मापाच्या वळणांवर शांत, सरळ ठसे. एके ठिकाणी सायकल आडवी ठेवून कुणीतरी केळं खाल्लेलं, साल तिथेच. मग बाभळीखालचं. तिथे माती पार मळलेली. ठशांवर ठसे, ब्रेक मारल्याच्या रेघा, आणि शेजारच्या गवतात वर चढत गेलेल्या बुटांच्या खुणा. म्हणजे लोक इथून खाली गेले, सायकल खांद्यावर घेऊन परत वर आले, आणि पुन्हा त्याच वळणावरून गेले. रिजेक्ट केलेल्यावरून!

छिन्नी मांडीवर ठेवून बराच वेळ बसलो. मारली नाही. मातीचा ढीगही राहिला. आबा शेळीमागून आले. "कुनी पडलं?" नाही म्हटलं. "ध्यान ठेवा. वाट बरी केलीय, बंद कराया मला बी गोड वाटनार न्हाई."

रवि. १७ नोव्हेंबर

ग्रुपवर नाव पडलंय, 'लाल वळण'. मी ठेवलेलं नाही. एकीने लिहिलंय, बाकी वाटेवर ऑफिसचे विचार येतात, लाल वळणावर काही म्हणजे काही येत नाही. तीन वेळा वाचलं. सुनीतालाही वाचून दाखवलं, ती म्हणाली ऐकलं मघाशी.

पण हाड मोडलं तर तिथेच मोडणार, हेही दिसतंय. इतर कुठे पडायला जागाच ठेवलेली नाही मी. एवढी लाडकी झालेली जागा, आणि तीच वाट बंद पाडणार.

गुरु. २१ नोव्हेंबर

बंडू म्हणाला, मग बाकीची बी अशीच वाकडी करू की. वरचं एक मोडून बघितलं. दोरी नाही, लेव्हल नाही, डोळे मिटून खण म्हणाला. दुपारपर्यंत खणलं. लांबून बघितलं तर बांध पुन्हा सरळ सुतात! बंडू पोट धरून हसला. "राहू द्या साहेब, तुमच्या हाताला येतच नाय."

या नादात ढीग आजही उचलला नाही. एक घमेलं भरलं होतं, तेवढ्यात त्याची शिफ्टची वेळ झाली. पुढच्या गुरुवारी नक्की.

रवि. २४ नोव्हेंबर

बदली सुट्टी मागून घेतली. एकदा डोळ्यांनी बघायचंच होतं.



बाभळीपाशी उभा होतो. सात-आठजण गेले, कुणी ओरडत, कुणी शिव्या देत, पण खाली पोचल्यावर सगळ्यांचं तोंड हसरं. मग सारिका आली. आबांची सून, चाकणला पॅकिंगला आहे, स्वतःच्या बोनसमधून सायकल घेतली तिने. वेगात आली. दगडाजवळ पुढचं चाक अडलं आणि ती हॅंडलवरून सरळ खाली.

आवाज आला नाही. म्हणजे धप् असा आला, पण मी ज्याची वाट बघत होतो तो नाही.

ढिगात पडली होती. माझ्या त्या गबाळ्या ढिगात, कमरेपर्यंत. धावत गेलो, वाटेत माझाच पाय मुरगळला. सारिका तोंडातली माती थुंकत म्हणाली, "काका, चष्मा बघा ना कुठं पडला." हात हलवला, मान हलवली, उभी राहिली. कोपर खरचटलं तेवढंच. मी तिथेच पाय धरून बसलो. बंडू म्हणाला, साहेब रडू नका. मी म्हटलं धूळ गेली. धूळबिळ काही नव्हती, रडतच होतो.

सारिका हळूच म्हणाली, "मामंजींना सांगू नका हं." आणि वर बघितलं तर आबा. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे. सगळं बघितलेलं.

 मी उठून पुढे गेलो. हाड मोडलं नव्हतं, पण सून डोळ्यांदेखत पडली होती; आता बंद म्हणणार, माझ्या मनात तेच. आबांनी सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं. "लागलं का गं?" नाही म्हणाली. मग माझ्याकडे वळले. "घरचं मानूस पडलं, ते धरत न्हाईत." आणि शेळ्यांमागे निघून गेले.

बंडूने टोपी हवेत उडवली, ती बाभळीत अडकली. अजून तिथेच आहे.

सोम. २५ नोव्हेंबर

कित्येक दिवसांनी मेल्यासारखा झोपलो. पाय सुजलाय, सुनीताने हळद लावली. लंगडत कामावर गेलो आणि दिवसभर उगाच हसू येत होतं. ऑपरेटर घाबरले.

ढीग उचलायचा नाही. उलट वाढवायचा, पसरायचा. खालच्या बोरीच्या काट्या काढायच्या. ते ठरलं.

दगडाचं मात्र ठरत नाही. पुढचा पडेल तो घरचा नसेल.

गुरु. २८ नोव्हेंबर

हे डोंगरावर वर बसून लिहितोय. वही पाठीवरच्या पिशवीत होती.

सकाळी बंडूबरोबर माती पसरली, चांगली गादी झाली. काट्या काढल्या. मग छिन्नी काढली. आबा शेजारी येऊन बसले.

"तुमी गेलाय का ह्यावरनं?"

नाही गेलो. वर्षभरात एकदाही नाही. दरवेळी बाभळीपाशी उतरतो, सायकल हातात धरून चालत पुढे जातो. आबांना म्हटलं, आमच्यात बनवणारा स्वतःचा पीस पास करत नाही. आबा म्हणाले, "आन् नापास करतो व्हय?"

बंडू हसला नाही. पहिल्यांदाच.

मग सायकल वर नेली. खाली आलो, चांगला आलो, वेग होता. दगडाजवळ आपोआप पाय टेकला. आबांनी विचारलं, "उतरला का?"

"दगड लाल आहे, आबा."

"लाल कुनी केलाय?"

 छिन्नी बंडूच्या हातात दिली आणि सायकल ढकलत पुन्हा वर आलो. पायाला अजून थोडी सूज आहे. खाली माती मऊ आहे, माझ्याच हातची. आबा उन्हात बसलेत, कपाळावर हात धरून वर बघतायत. बंडू घड्याळ दाखवतोय, त्याची शिफ्ट आहे.

सुनीताला फोन केला. म्हणाली, "मग पडा. हळद आहे घरात."

निघतो.